बाहत्तर पिंटांचा हिशेब

दार वीतभर उघडले आणि अडकले. आत टपालाचा ढीग साचला होता. आमच्यातल्या निवृत्त सुताराने खांदा लावून रेटा दिला, कागद करकरत मागे सरकले आणि आम्ही चौघे अंग चोरून एकेक करून आत शिरलो. पाणीपट्टीची बिले, कौन्सिलच्या व्यापारी कराच्या नोटिसा, पिझ्झावाल्यांची पत्रके, आणि ‘कायदेशीर रहिवासी’ एवढ्याच नावाने आलेली टीव्ही परवान्याची पत्रे. त्या पत्रांचा सूर दर खेपेला थोडा थोडा चढत गेला होता. मी व्यवसायाने हिशेबनीस. खाली बसून तारखा लावू लागले. बाकीचे तिघे विजेऱ्या घेऊन पुढे गेले.

हा पब इंग्लंडच्या दक्षिणेला, विल्टशर परगण्यात, सॅलिसबरी प्लेन या खडूच्या विस्तीर्ण पठाराच्या कडेला आहे. नाव सांगत नाही, कारण खरेदीची बोलणी अजून चालू आहेत. गावात साठ-सत्तर घरे, एक चर्च, एक बसथांबा. चार वर्षांपूर्वी पब बंद पडला. गावातल्या काही जणांनी पैसे गोळा करून तो विकत घ्यायचे मनावर घेतले आणि जमाखर्च कळणारे कुणीतरी हवे म्हणून शेजारच्या गावातून मला बोलावले. दलालाने एका दुपारपुरती किल्ली दिली, जिन्याची तिसरी पायरी कुजली आहे एवढे बजावले, आणि तो गाडीत बसून फोनवर बोलत राहिला.

पडक्या इमारतींत चोरून शिरून छायाचित्रे काढणारी एक हौशी जमात या देशात आहे. दुसऱ्याच्या जागेत नुसते पाऊल टाकणे हा इथे सहसा फौजदारी गुन्हा धरला जात नाही, त्यामुळे त्यांचे फावते. त्यांच्या चित्रांत कोळिष्टके, फुटक्या काचा आणि तिरपा उजेड यांची रेलचेल असते. चित्रे सुंदर असतात, यात वाद नाही. पण ती पाहून त्या जागेत रोज संध्याकाळी काय चालत होते आणि ते का थांबले, याचा काही पत्ता लागत नाही. माझ्यासारख्या रूक्ष माणसाला तेच जाणून घ्यायचे असते.

पुण्या-मुंबईच्या वाचकाने ‘पब’ म्हटल्यावर कानठळ्या बसवणारे संगीत आणि दारातले बाउन्सर डोळ्यांपुढे आणू नयेत. इंग्लंडच्या खेड्यातला पब म्हणजे मुळात कुणाचे तरी राहते घर. चालवणारा वरच्या मजल्यावर राहतो आणि खालच्या खोल्या लोकांना बसायला देतो. १८३० साली वेलिंग्टनच्या सरकारने बिअरहाउस कायदा केला. हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्लीच. पुढे तो पंतप्रधान झाला. जिनसारख्या कडक दारूपेक्षा लोकांनी बिअर प्यावी, हा कायद्याचा एक हेतू. कर भरणाऱ्या कुणीही वर्षाला दोन गिनी भराव्यात आणि आपल्या घरात बिअर विकावी, मॅजिस्ट्रेटची परवानगी नको. हजारो लोकांनी पुढच्या खोलीत पिंप मांडले. लोहाराने दिवसा ऐरणीवर काम करायचे आणि रात्री बिअर विकायची, असले दुहेरी धंदे खेडोपाडी चालत. १८६९ मध्ये सरकारने परवान्याची दोरी पुन्हा मॅजिस्ट्रेटच्या हाती दिली, पण तोवर इंग्लंडच्या खेड्यांचा नकाशा बदलून गेला होता.

हा पबही त्याच घडणीचा. मध्ये दार, दोन्ही बाजूंना एकेक खोली, वर झोपायच्या खोल्या. कुणा श्रीमंताने मुद्दाम बांधलेली, घोडागाड्या थांबायची ती भव्य इन नव्हे. मधली भिंत केव्हातरी पाडली आहे. छताला आडवी गेलेली पोलादी तुळई दिसते, पण तिच्यापेक्षा बोलकी खालची जमीन. डावीकडे घासून गुळगुळीत झालेली दगडी फरशी, उजवीकडे लाल-जांभळ्या वेलबुट्टीचा गालिचा, आणि दोहोंच्या सीमेवर पितळेची पट्टी. डावीकडचा तो पब्लिक बार, उजवीकडचा सलून बार. शेतमजुरांनी चिखलाच्या बुटांनी डावीकडे यायचे. शेतमालक, शाळामास्तर आणि बायकोला घेऊन आलेला दुकानदार उजवीकडे बसायचे, आणि त्याच बिअरसाठी थोडे जास्त पैसे मोजायचे. काउंटर मात्र एकच, दोन्ही खोल्यांना लागून. चालवणारा मधोमध उभा राहून दोन्ही जगांना पाजत असे. आता भिंत नाही, तरी सुतार सांगत होता की म्हातारी मंडळी शेवटपर्यंत आपापल्याच बाजूला बसायची.

गावातला पब म्हणजे आपला पार, असे इथे आलेला प्रत्येक मराठी माणूस एकदा तरी म्हणतो. मला ते पटत नाही. पारावर टेकायला पैसे पडत नाहीत. (कोणी टेकायचे आणि कोणी नाही, याचे आपले हिशेब वेगळे होते, ते विसरून चालणार नाही.) पब मात्र उघडउघड खासगी जागा. चालवणाऱ्याने एखाद्याला ‘तुला देत नाही’ म्हटले तर कारण सांगायचीही गरज नसते. या हक्काचा काय काय वापर झाला, ते बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिकमधल्या जुन्या पंजाबी कामगारांना विचारावे. ओतशाळांत घाम गाळून संध्याकाळी पबमध्ये गेले की त्यांना ठरावीक खोलीतच बसावे लागे, काही ठिकाणी दारातूनच परत जावे लागे. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतला कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्स स्मेदिकला आला, तेव्हा इंडियन वर्कर्स असोसिएशनच्या अवतारसिंग जोहल यांनी त्याला मुद्दाम तिथल्या ब्लू गेट्स पबमध्ये नेले, आणि तिथे गौरेतरांना काय वागणूक मिळते ते त्याने स्वतः पाहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस सार्वजनिक जागांतला वर्णभेद बेकायदा ठरला. बायकांची लढाई त्याहून लांबली. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या एल विनो या वाइन बारमध्ये स्त्रियांना काउंटरवर उभे राहून प्यायला मिळत नसे. तो नियम मोडायला १९८२ मध्ये अपील कोर्टाचा निकाल लागला. तेव्हा बंद पडलेल्या पबांवरच्या गळेकाढू लेखांत ‘सर्वांसाठी सदैव उघडे असलेले दार’ भेटले, की मी जरा सावध होते.

गंमत अशी की ज्या भागात ही दारे बंद होती, त्याच स्मेदिक आणि वेस्ट ब्रॉमिचमधले मरायला टेकलेले पब पुढे पंजाबी कुटुंबांनी चालवायला घेतले. आज तिथे भट्टीतल्या मांसाच्या परातींसोबत बिअर पिणारे गोरे-काळे-सावळे सगळेच दिसतात. साउथॉलमधला ग्लासी जंक्शन तर रुपयांतही बिल घेई. तोही आता बंद झाला.

काउंटरच्या मागे भिंतीवर घड्याळ होते, थांबलेले. ते चालू असते तरी कदाचित पाच-दहा मिनिटे पुढेच असते, कारण गिऱ्हाईक वेळेवर उठावे म्हणून पबातली घड्याळे पुढे लावायची जुनी रीत आहे. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार झिंगून येऊ नयेत म्हणून पबच्या वेळा आवळल्या गेल्या आणि दुपारी पब बंद ठेवायची सक्ती आली. युद्ध १९१८ मध्ये संपले. दुपारची सक्ती उठली १९८८ मध्ये. सरकारी तात्पुरतेपणाचा हा नमुना आपल्याकडच्या माणसाला अनोळखी वाटायचे कारण नाही.

छत तपकिरी. आधी वाटले तसा रंगच दिलाय, पण जिथे चित्रांच्या चौकटी होत्या तिथे भिंतीवर स्वच्छ पांढुरके चौकोन उरले होते. म्हणजे तो सगळा पिढ्यान्‌पिढ्यांचा धूर. १ जुलै २००७ पासून इंग्लंडमध्ये पबात सिगारेट बंद झाली. तिथून पुढचे धूरवाले अंगणात उभे राहू लागले, आणि पावसाळी थंडीत अंगणात उभे राहण्यापेक्षा घरी सोफ्यावर बसलेले काय वाईट, असे त्यातल्या काहींना वाटू लागले. धूर गेला ते उत्तमच झाले, मला दमा आहे. पण एका बंदीने पब मेले असे सांगणारे लोक भेटतात, तेव्हा त्यांना मी तळघर दाखवायला नेले असते.

तळघर हा पबचा खरा जीव. तिथे जायला काउंटरमागून अरुंद दगडी जिना, आणि बाहेरून, पदपथावरच्या झडपेतून पिंपे खाली सोडायची घसरण. मे महिन्यातल्या त्या दुपारीही आत गार होते. पारंपरिक एल जातीची बिअर ठेवायला साधारण अकरा ते तेरा अंश सेल्सियस लागतात आणि खडूत खोदलेले तळघर ते फुकट देते. भिंतीला लागून पिंपे आडवी ठेवायचा लाकडी ओटा होता, त्यावर दोन रिकामी पिंपे अजून आडवी. सुतार पूर्वी मालकाला इथे मदत करत असे. त्याने मला सगळे हातवारे करून समजावले.

ब्रुअरीतून पिंप येते तेव्हा बिअर पुरी झालेली नसते. तिच्यात यीस्ट जिवंत असते आणि उरलेले आंबणे इथेच होते. पिंप ओट्यावर आडवे ठेवायचे, वरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी ठोकायची म्हणजे वायू हळूहळू बाहेर जातो. मग ही सच्छिद्र खुंटी काढून कठीण खुंटी बसवायची म्हणजे उरलेला आत राहतो. गाळ तळाशी बसायला एक-दोन दिवस. तो लवकर बसावा म्हणून माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला चिकट पदार्थ घालतात. (म्हणजे चतुर्थीचा उपास करणाऱ्या माझ्या एका स्नेह्याने बिअरला निव्वळ जवाचे पाणी म्हणणे थांबवायला हवे.) मग लाकडी हातोडीने तोटी ठोकायची, नळी जोडायची आणि वर काउंटरवरचा दांडा ओढला की बिअर चढते. या हातपंपाचे पेटंट जोसेफ ब्रामाने १७९७ मध्ये घेतले होते. हायड्रॉलिक प्रेस करणारा आणि न उघडणाऱ्या कुलपासाठी गाजलेला ब्रामा तोच.

पहिला पेला ओढला की पिंपात हवा शिरते, आणि तिथून घड्याळ चालू होते. तीन दिवस, फार तर चार. त्यानंतर बिअर चपटी होते, मग आंबट. सगळ्यात लहान नेहमीचे पिंप म्हणजे फर्किन: नऊ गॅलन, बाहत्तर पिंट. एक पिंट ५६८ मिलिलिटर. तळाचा गाळ सोडला तर विकण्याजोगे सत्तरच्या आत-बाहेर. मी टपालातल्या एका पाकिटाच्या पाठीवर तिथेच भागाकार केला. दिवसाला तेवीस पेले खपायला हवेत, आणि ही एका प्रकारच्या बिअरची गोष्ट. गिऱ्हाइकाला निदान दोन प्रकार तरी लागतात, म्हणजे सेहेचाळीस. माणशी दोन धरले तर रोज तेवीस माणसे, तीही एलच पिणारी. जानेवारीतल्या सोमवारी, धुक्यात, साठ-सत्तर घरांच्या गावातून.

हा आकडा कुठल्या कंपनीने, करखात्याने किंवा पंतप्रधानाने ठरवलेला नाही. तो यीस्टने ठरवला आहे. गावातली आठ-दहा माणसे मेली, म्हातारी झाली किंवा डॉक्टरने त्यांची बिअर तोडली, आणि त्यांच्या घरांत आठवडाअखेर येणारी लंडनची जोडपी राहायला आली, की तेवीसचे पंधरा होतात. मग पिंप पाच दिवस पुरते. चौथ्या दिवशी आलेल्याला आंबूस बिअर मिळते, तो पुढच्या वेळी दुसरीकडे जातो, आणि पंधराचे बारा. एवढ्या साध्या भागाकारात एक गाव आपली संध्याकाळ गमावते.

यावर तोडगा निघाला नव्हता असे नाही. पाश्चराइज करून, गाळून, दाबाखाली धातूच्या पिंपात भरलेली केग बिअर १९६० च्या दशकात सगळीकडे पसरली. ती कितीतरी जास्त दिवस टिकते, चालवणाऱ्याला तळघराचे कसब लागत नाही. तिच्या निषेधार्थच १९७१ मध्ये जुन्या एलच्या चाहत्यांनी कॅमरा ही संघटना काढली आणि ती अफाट वाढली. त्या लोकांच्या दाढ्यांची आणि स्वेटरांची खूप टिंगल होते. माझ्या मते धंद्याचे मर्म त्यांना इतरांपेक्षा चांगले कळले होते. टिकणारी बिअर सुपरमार्केटच्या फडताळावरही टिकते, आणि तिथे ती पबपेक्षा कितीतरी स्वस्त मिळते. घरी नेऊन ठेवता येत नाही असे पबकडे एकच पेय आहे, आणि ते तीन दिवसांत नासते.

वर आलो तेव्हा दुसऱ्या जोडीदाराने काउंटरखालून एक आरसा काढला होता. त्यावर सोनेरी अक्षरांत ‘अशर्स, ट्रोब्रिज’. विल्टशरमधले बरेच पब पूर्वी कुठल्या ना कुठल्या स्थानिक ब्रुअरीचे होते. इमारत ब्रुअरीची, चालवणारा तिचा भाडेकरू, आणि बिअर तिचीच घ्यायची बांधिलकी. स्विंडनची अर्केल्स १८४३ पासूनची, डिव्हायझेसची वॅडवर्थ १८७५ पासूनची. या दोघी टिकल्या. १८२४ साली सुरू झालेली अशर्स २००० मध्ये बंद झाली. तिची यंत्रसामग्री सुमारे १५ लाख पौंडांना विकली गेली, सुटी केली गेली, जहाजावर चढली, आणि कुठे गेली असेल? उत्तर कोरियात. प्याँगयांगमधली तेदाँगगँग ब्रुअरी २००२ मध्ये त्याच टाक्यांवर उभी राहिली. ट्रोब्रिजमध्ये कामगारांनी वर्षानुवर्षे घासलेले तांबे आता किम घराण्याच्या राजधानीत तापते, ही गोष्ट मला कुठल्याही भुताच्या गोष्टीपेक्षा जास्त चमत्कारिक वाटते. सुताराला ती ठाऊक होती. त्याचे म्हणणे एवढेच, की तिथे तरी पितात ना.

ब्रुअरी आणि पब यांची ही जुनी गाठ सोडवली ती सरकारने, तीही भल्या हेतूने. सहा मोठ्या ब्रुअऱ्यांच्या हाती देशातले इतके पब एकवटले होते की १९८९ मध्ये त्यांच्यावर बंधन आले: दोन हजारांच्या वर जेवढे पब असतील त्यातल्या निम्म्यांना बांधिलकीतून सोडा. त्यांनी ते विकले. विकत घेणाऱ्यांत बिअर न गाळणाऱ्या, नुसत्या इमारती बाळगणाऱ्या कंपन्या पुढे आल्या. कर्ज काढून घेतलेले पब, त्या कर्जावरचे व्याज, ते फेडायला वाढवलेले भाडे. ब्रुअरीला आपली बिअर खपावी म्हणून पब जगायला हवा असे. इमारतीच्या मालकाला तो जगलाच पाहिजे असे नाही, जमीन तर कुठे जात नाही.

आणि जमीन म्हटली की मागचे आवार आलेच. पबपेक्षा गाड्या उभ्या करायची जागा मोठी आहे. गाडी आली तेव्हा ती पबला वरदान ठरली, आसपासच्या गावांतून लोक येऊ लागले. मग १९६७ मध्ये परिवहनमंत्री बार्बरा कॅसल यांनी श्वासचाचणी आणली: शंभर मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम मद्यार्काची मर्यादा. स्वतः गाडी चालवायला न येणाऱ्या बाईने आमचा धंदा बसवला म्हणून पबवाल्यांनी त्यांच्यावर आग पाखडली. रस्त्यांवर माणसे मरायची कमी झाली, त्यापुढे पबवाल्यांची तक्रार टिकत नाही. पण खेड्यातल्या पबसाठी त्या वर्षापासून आवारातल्या प्रत्येक गाडीमागे एक न पिणारा माणूस बसू लागला. आता त्याच आवारात चार घरे बसतात, आणि चार घरांची किंमत पबच्या किमतीहून कितीतरी जास्त. मात्र २०१७ पासून पब पाडायला किंवा त्याचे घर करायला नियोजन खात्याची परवानगी लागते. हा पब चालूच शकत नाही हे दाखवून द्यावे लागते. म्हणून मालक वाट पाहतो. गळके छप्पर, फुटकी काच, कुजलेली पायरी, सगळे त्याच्या बाजूने साक्ष देत राहतात. रिकामा पब इतकी वर्षे रिकामाच का राहतो, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा एवढेच असते.

वरच्या मजल्यावर मी एकटी गेले, तिसरी पायरी चुकवून. खाली शेवटच्या काळात जेवणाचा धंदा करून पाहिला होता; तिथे स्टीलचे ओटे, मोठे धुराडे, सहा शेगड्या. वर मात्र घरच्या माणसांच्या स्वयंपाकघरात एक मायक्रोवेव्ह आणि दोन खुर्च्यांपुरते टेबल. बैठकीच्या खोलीची खिडकी आवाराकडे, म्हणजे कोण आले कोण गेले हे सोफ्यावर बसून दिसावे. खाली बोललेला शब्द वर ऐकू येतो. सुतार आणि एव्हाना आत आलेला दलाल काय बोलत होते ते मला स्पष्ट कळत होते. इथल्या माणसांना घरातली संध्याकाळ म्हणून काही नव्हतीच. नाताळच्या दुपारीही खाली गर्दी. पबविषयी लिहिणारे बहुतेक जण गिऱ्हाईक असतात, त्यामुळे त्यांच्या लिखाणात ही खोली येत नाही.

पठारावर, इथून फार लांब नाही, आणखी एक रिकामा पब आहे, आणि तो पाहायला लोक रांगा लावतात. गावाचे नाव इंबर. १ नोव्हेंबर १९४३ रोजी गावकऱ्यांना शाळेत बोलावून सांगण्यात आले की अमेरिकन सैन्याला रस्त्यावरच्या लढाईचा सराव करायला गाव हवे आहे, १७ डिसेंबरच्या आत निघा. सत्तेचाळीस दिवस. दीडेकशे माणसे निघाली, युद्ध संपल्यावर परतायचे अशा समजुतीने. ती परतली नाहीत. जानेवारी १९६१ मध्ये दोन हजारांवर लोकांनी गावात शिरून निदर्शने केली, चौकशी झाली, आणि गाव लष्कराकडेच राहिले. वर्षातले मोजके दिवस ते उघडतात. ऑगस्टमधल्या एका शनिवारी तर लंडनच्या जुन्या लाल डबलडेकर बसगाड्या वॉर्मिन्स्टरहून थेट इंबरला धावतात. मीही त्यातूनच गेले होते.

इंबरमध्ये दोन इमारती डोळ्यांत भरतात. टेकाडावरचे सेंट जाइल्स चर्च: तेराव्या शतकातले, पहिल्या श्रेणीचा वारसा, भिंतीवर जुनी चित्रे, डागडुजी केलेले, सणाच्या सुमारास प्रार्थना होते. आणि खाली रस्त्याला लागून बेल इन, गावचा पब. विटांच्या भिंती, आत पोकळ. जवळ जायला मनाई, न फुटलेल्या दारूगोळ्याच्या धोक्याचे फलक. युद्धाआधी लष्कराने गावातले जवळजवळ सगळे विकत घेतले होते, तेव्हा चर्चसारखाच हा पबही त्यांच्या मालकीबाहेर उरला होता. पुढे चर्चला विश्वस्त मिळाले, पबला कोण मिळणार? चर्च वर्षातून एका दिवसापुरतेही चर्च असू शकते. वर्षातून एक दिवस चालणाऱ्या पबमध्ये पिंपाचे काय करायचे? त्या दिवशी चर्चमध्ये चहा-केक मिळतो, तो घेऊन सगळे बेल इनचे फोटो काढतात.

त्या गर्दीत हळहळणाऱ्यांपैकी कितीतरी जण ज्या खेड्यांतून आले होते, तिथला पब त्याच वर्षांत बंद पडत होता. ब्रिटनमध्ये २००० साली सुमारे साठ हजार पब होते, आता ते पंचेचाळीस हजारांच्या आसपास आहेत. या पंधरा हजार पबांतून कुणी बंदूक दाखवून लोकांना उठवले नव्हते. इंबरच्या पबपासून माणसे तोडली गेली म्हणून तो इतिहास झाला. इतर गावांतली माणसे आपण होऊन थोडी थोडी बाजूला झाली, आणि त्याची तारीख कुणाला सांगता येत नाही, म्हणून त्याचा सोहळाही होत नाही. मला इंबरच्या लोकांचे दुःख कमी लेखायचे नाही. चाळीसहून अधिक वर्षे गावचा लोहार असलेला अल्बर्ट नॅश ऐरणीवर डोके टेकून रडताना सापडला, असे सांगतात; काही आठवड्यांत तो गेला आणि पुरायला मात्र त्याला इंबरला परत आणले. पण जबरदस्तीने हिरावलेल्या गोष्टीवर रडणे सोपे असते. मंगळवारी संध्याकाळी पाऊस पडत असताना कोट घालून बाहेर पडणे त्यापेक्षा अवघड.

मंगळवारचाच प्रश्न आठवड्याभराने गावच्या सभागृहात निघाला. २०११ च्या लोकलिझम कायद्याखाली गावाने पबची नोंद ‘समाजमूल्याची मालमत्ता’ म्हणून करून घेतली आहे. त्यामुळे मालकाने विकायला काढल्यावर बोली लावायला सहा महिने मिळतात. विकत घेणारी संस्था सहकारी असेल. ‘सहकार’ म्हटल्यावर माझे कान टवकारलेच. आमच्या घराण्यात साखर कारखान्याच्या शेअरवरून भावाभावांत अबोला झालेला आहे. इथेही तत्त्व तेच, शेअर कितीही असोत, मत एकच. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केटच्या गावकऱ्यांनी २००३ मध्ये आपला ओल्ड क्राउन असा विकत घेतला आणि तो चालवला, त्याचा दाखला अध्यक्षांनी दिला. मी फळ्यावर माझा भागाकार लिहिला: सत्तर भागिले तीन. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग एका शेतकऱ्याने विचारले, फेब्रुवारीतल्या मंगळवारी कोण येणार?

उत्तरे भराभर आली. डार्ट्सची स्पर्धा ठेवली तर आठजण नक्की. मागच्या गल्लीत नऊ सोंगट्यांचा लाकडी चेंडूचा खेळ, स्किटल्स, पुन्हा सुरू केला तर शेजारच्या दोन गावांचे संघ येतील, फक्त खाली पडलेल्या सोंगट्या उभ्या करायला एक पोरगा हवा. सकाळी पोस्टाचे काउंटर आणि कॉफी. एक आजी म्हणाल्या की त्या बिअर पीत नाहीत, पण शेकोटी पेटवणार असाल तर शेरी घेईन आणि दहापर्यंत बसेन. मी ‘शेरी: एक’ असे लिहून घेतले. मग कुणीतरी म्हणाले, करी नाइट! आणि पन्नासेक माणसांनी माना वळवून माझ्याकडे पाहिले.

मी म्हटले, मला टिक्का मसाला येत नाही, पिठले-भाकरी येते. ते काय असते, हे दहा मिनिटे समजावावे लागले. भाकरीत गहू नसतो म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या एक बाई खूश झाल्या, त्यांच्या नवऱ्याला गहू चालत नाही. अध्यक्षांनी विचारले, एका मंगळवारी किती ताटे करता येतील? तेवीस, मी म्हणाले. ज्वारीचे पीठ स्विंडनच्या एका दुकानात मिळते, पण ते जुने असले की भाकरीला चिरा जातात, तेव्हा आधी थोडे आणून पाहावे लागेल.